केरेराची फेरी

होडीतून उतरताना लॉकलनने हात पुढे केला, तो एफीने बाजूला सारला. "अठ्ठ्याहत्तरची आहे मी, ऐंशीची नाही," ती म्हणाली आणि चालू लागली.

केरेरा बेटावरची ही त्यांची चौथी फेरी. लॉकलनची बायको कर्स्टी, म्हणजे एफीची एकुलती एक लेक, चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून तिच्या वाढदिवसाला सासू-जावई किनाऱ्यावरच्या ओबन गावाहून इथे येत, टोकावरच्या पडक्या किल्ल्यापर्यंत रमतगमत चालत आणि ऊन असतानाच परतत.

यंदा लॉकलनला एक गोष्ट सांगायची होती. ती होडीत सांगू असं त्याने ठरवलं, मग पहिल्या चढावर, मग दुसऱ्या. पण एफीचं काहीतरी चालूच. मेंढ्या किती माजल्यात, जावयाच्या बुटांना कशी भोकं पडलीत, कर्स्टी लहानपणी याच चढावर कशी फतकल मारून बसायची. लेकीचं नाव निघालं की तो सांगणं पुढे ढकले. म्हातारीला त्याच्याशिवाय होतं कोण?

किल्ल्याखालच्या गवतावर त्यांनी अंड्याची सँडविचं खाल्ली. चहा ओतताना त्याचं लक्ष कपाकडे नव्हतं.

"सांडतोयस," एफी म्हणाली. "काय आहे ते बोलून टाक."

मग त्याने खाली मान घालून सांगितलं. डोंगर चढणाऱ्यांच्या मंडळात मार्सेली नावाची बाई भेटली. तिला नकाशा कळेना, म्हणून तिने याची मदत मागितली. शिकवता शिकवता जीव जडला. आता लग्न करावं म्हणतोय.

"पण तुम्ही नको म्हणालात तर नाही करणार."

 एफीचे डोळे भरून आले. कर्स्टीला आपण दुसऱ्यांदा मातीआड केलं, असं लॉकलनला वाटलं. त्याने हळूच माफी मागितली.

एफीने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

"खुळा रे खुळा. माझ्या मैत्रिणीची भाची ती. बाराव्या वर्षापासून हे सगळे डोंगर एकटी पालथे घालतेय. नकाशा कळत नाही असं सांग, तो लगेच शिकवायला बसेल, हे मीच तिला पढवलं होतं."