सासूबाईंच्या कामाचा नकाशा

"अशी डोक्यावर उभी राहू नकोस, कारकूनबाई. सुई बोटात जायची."

सून दोन पावलं मागे सरकली. हातात वही, कानामागे पेन्सिल. दाताच्या दवाखान्यात तिने अकरा वर्षं पेशंटांचे नंबर लावले. डॉक्टर थकले, दवाखान्याला कुलूप लागलं. आता चाळिशीला टेकल्यावर तिने बिझनेस ॲनालिस्टचा कोर्स लावला होता. म्हणजे काय, हे सासूबाईंना तीनदा सांगून झालं होतं.

"दुसऱ्याचं काम बघायचं, आई. कुठे अडतं, कुठे उगाच दोनदा होतं, ते शोधून सांगायचं."

"त्याला कोर्स कशाला? शेजारीण फुकट करते."

कोर्सच्या शेवटी प्रत्येकाने एका खऱ्या कामाचा नकाशा काढायचा होता. कामाच्या पायऱ्या रेघेने जोडायच्या, अडतं तिथे लाल गोल करायचा. एक कंपनी ते नकाशे बघणार आणि एकालाच कामावर घेणार. बाकीच्यांकडे ऑफिसं होती, ओळखी होत्या. सुनेकडे सासूबाई होत्या. त्या तीस वर्षं घरी शाळेचे गणवेश शिवत होत्या. कापणं, शिवणं, बटणं, इस्त्री, घडी.

पहिल्या दिवशी सुनेने सकाळपासून दुपारपर्यंत बघितलं. वहीत एक सरळ रेघ उमटली. कुठे अडलं नाही, काही दोनदा झालं नाही. सासूबाई हात पुढे करायच्या आणि हवी ती वस्तू तिथेच असायची.

रात्री जेवायला बसल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "सरळ रेघ घेऊन काय जाऊ? यात तुम्ही शोधलं काय, असंच विचारतील ना. मला बघताच येत नाही बहुतेक. हे हुकलं तर पुन्हा कुठे तोंड दाखवायची माझी हिंमत नाही."

नवरा ताटात बघत राहिला. असल्या वेळी त्याला ताट फार आवडतं.

सासूबाईंनी भाताचं पातेलं पुढे ढकललं. "खा आधी. रडून डोळे सुजवलेस तर उद्या बघशील कशाने?"

दुसऱ्या दिवशी तिला दिसायला लागलं. मापलेलं कापड सासूबाईंनी पुन्हा मापलं. एका रिळासाठी त्या तीनदा कपाटाशी गेल्या. सुनेची पेन्सिल भराभर चालली. नजर बसली म्हणायची एकदाची.

तिसऱ्या दिवशी सासूबाई कात्री शोधत होत्या. कात्री त्यांच्या मांडीवर होती.

"आई, ही काय, मांडीवरच आहे."

"हो का? बरं झालं सांगितलंस."

सुनेने लिहून घेतलं. मग तिच्या लक्षात आलं, की सासूबाई खेकसल्या नाहीत. चूक स्वतःची असली की त्या समोरच्यावर खेकसायच्या. पंधरा वर्षांत हा नेम चुकला नव्हता.

चौथ्या दिवशी सहा शर्टांना बटणांआधी कडक इस्त्री झाली. मग बटणं, मग पुन्हा इस्त्री. "हे पांढऱ्या बटणांचे की निळ्या?" हा प्रश्न सासूबाईंनी तासाभरात दोनदा विचारला. सुनेने लिहून घेतलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

"आई, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय?"

तिने नकाशा दिला. पाच ठिकाणी लाल गोल.

आठवड्याने कंपनीतल्या बाईंचा फोन आला. "तुमचाच नकाशा निवडलाय. इतकं बारीक कुणी पाहिलं नव्हतं. सोमवारपासून या."

सून भिंतीला टेकली.

"एक विचारू का?" बाई म्हणाल्या. "या शिवणाऱ्या बाई कोण?"

"माझ्या सासूबाई."

"त्या आधीपासून अशाच चुकायच्या?"

"नाही. कधीच नाही."

"कामाबाहेरचं बोलतेय, राग मानू नका. माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आम्ही सगळे दिवसभर बाहेर, ते घरी एकटे. एका दुपारी गॅस चालू राहिला. त्यांना एकटं ठेवू नका."

"मी दहा मिनिटांत फोन करते," सून म्हणाली.

तिने दारातून डोकावलं. इस्त्री तापत होती. सासूबाई पाठमोऱ्या, खिडकीतून बाहेर बघत उभ्या. नवरा सकाळी आठला जायचा, रात्री आठला यायचा. आता तीही गेली, तर बारा तास ही खोली, ही इस्त्री आणि त्या.

तिने स्वयंपाकघरात जाऊन फोन लावला. "मला नाही जमणार. घरची अडचण आहे."

"नीट विचार करा. जागा थांबणार नाही. मी लगेच यादीतल्या पुढच्याला कळवणार."

"कळवा."

तिने तोंडावर पाणी मारलं, पदराने पुसलं आणि बाहेर आली. सासूबाई मशीनवर बसल्या होत्या.

"कुणाचा फोन गं?"

"कंपनीचा."

"मग? आवडला का नकाशा?"

"फार आवडला, आई."

सासूबाईंनी मशीन थांबवलं. चेहऱ्यावर हसू मावेना. "न आवडून सांगतील कुणाला? तीन दिवस वेंधळ्यासारखी नाचले मी तुझ्यापायी. सात चुका घातल्या होत्या, कारकूनबाई, तुला पाचच सापडल्या. बरं, कधीपासून जायचंय?"