दोघींच्या मधला चेंडू

"बाई, मला वाटलं शबनम घेईल," धनश्री रडत म्हणाली. शबनमला वाटलं होतं धनश्री घेईल. तालुक्याच्या फायनलचा शेवटचा चेंडू दोघींच्या मधोमध, फक्कीच्या रेषेच्या आत पडला होता.

निवृत्त झाल्यापासून शाळेच्या मुलींना मी हौसेनं व्हॉलीबॉल शिकवते. हा अख्खा सीझन रोज संध्याकाळी एकच गोष्ट घोकून घेतली होती: चेंडू आपल्याकडे येतोय दिसलं की मोठ्यानं 'माझा' म्हणायचं. कुणीच तसं म्हटलं नाही, तर दोघी थांबतात. तरी मी रागावले नाही. दोघींना पोटाशी धरलं, घरी पोचवलं आणि लंगडत माझ्या घरी आले.

कुलूप काढून दोन्ही मुलांना एकत्र फोन लावला. थोरला पुण्यात, धाकटा नागपुरात.

"गुडघ्याचं ऑपरेशन करावंच लागेल म्हणतात डॉक्टर. महिनाभर कुणीतरी सोबत हवं."

दोघंही गप्प. थोरल्याला वाटत असेल धाकटा बोलेल, धाकट्याला वाटत असेल थोरला. ही शांतता मी दुपारीच मैदानावर ऐकली होती, चेंडू खाली पडायच्या जरा आधी.

मग मीच मोठ्यानं म्हटलं, "असू दे रे. माझं मी बघते."