प्रोटीन बंद

“चार महिन्यांत सहा किलो उतरले?” डॉक्टर त्रिवेदींनी वजनाचा आकडा पुन्हा एकदा पाहिला. “काकी, काकांना खायला देता तरी काय?”

“दुधीची भाजी, भात, साबुदाण्याची पेज,” विजयमालाबाई चटकन म्हणाल्या. “प्रोटीन एकदम बंद, डॉक्टरसाहेब. डाळ नाही, अंडं नाही, रविवारचं मटणसुद्धा नाही.”

“बंद? कोणी सांगितलं?”

“तुम्हीच ना! मागल्या खेपेला म्हणालात, कंपवात म्हणजे मेंदूत बिघडलेलं प्रोटीन साचतंय. प्रोटीन कशाकशात असतं, त्याची यादी सुनेनं सायबर कॅफेतून आणली. त्या दिवसापासून ते घरात शिरू दिलं नाही.”

शेजारच्या खुर्चीत जयसिंगराव ताठ बसले होते. घराणं गायकवाडी फौजेतलं. चार महिने दुधी खाऊन त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. आता मात्र ते हळूच म्हणाले, “साहेब, आमच्याकडे घोड्यालासुद्धा चणे मिळायचे.”

डॉक्टरांना हसू फुटलं. पण बाईंचा चेहरा पाहून ते आवरून त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

“काकी, ते प्रोटीन जेवणातून येत नाही. मेंदू स्वतःच बनवतो. तुमच्याही डोक्यात आहे, माझ्याही. त्याची घडी नीट पडली की ते मुकाट काम करतं. कुणाकुणाची घडी चुकते. मग ते एकमेकांना चिकटतं, त्याचे गोळे होतात आणि पेशी मरायला लागतात.”

“पण चुकते का?”

“ते अजून कुणालाच नीट कळलेलं नाही.”

बाई पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. पाणीगेटच्या घरापासून सुभानपुऱ्यातल्या या दवाखान्यापर्यंत रिक्षात एकच विचार त्यांना कुरतडत आला होता. “बेचाळीस वर्षं हे माझ्याच हातचं जेवले,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, माझ्याच हातून काही गेलं की काय पोटात.”

डॉक्टर बोलणार, तोच जयसिंगराव म्हणाले, “तुझ्या हातचं बाधायचं असतं, तर पहिल्याच वर्षी बाधलं असतं. तुझा तो पहिला रस्सा पचवलेला माणूस आहे मी.”

“अहो!” बाई ओरडल्या आणि एकदम खो खो हसू लागल्या. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसू थांबेना. काय झालं म्हणून कंपाउंडर दारातून डोकावून गेला.

“फक्त एक पथ्य,” डॉक्टरांनी कागद ओढला. “प्रोटीन आणि गोळी एकदम पोटात गेली, तर गोळी नीट लागू पडत नाही. गोळी तासभर आधी. आमच्याकडे कधी शिजलं नाही म्हणून विचारतो, मटणाला किती वेळ लागतो?”

“तासभर.”

“मग झालं तर! मटण चुलीवर चढलं की गोळी द्यायची.”

जयसिंगराव काठी सावरत उठले. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

“आणखी एक ओळ लिहा. हे दुखणं घरच्या जेवणातून आलेलं नाही. मराठीत लिहा.”

“काकांसाठी?”

“नाही. माझ्यासाठी.”

डॉक्टर सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत लिहू लागले. गुजरातीच्या सवयीनं सगळी अक्षरं बोडकीच, माथ्यावरच्या रेघेशिवाय उमटली. ते क्षणभर थांबले. मग कागदाला डावा हात लावून त्यांनी अक्षरांच्या माथ्यावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक सरळ रेघ ओढली.