चुकीच्या जागेची खूण

टीव्हीवर वरपासून खालपर्यंत नुसत्या मुंग्या. आतून येणारा पोराचा आवाज मात्र ठणठणीत.

"आई, मी हो म्हणेपर्यंत दोरा ओढायचा नाही हं! शपथ?"

"शपथ," टीव्हीतली ताई म्हणाली.

"वायर नीट खोचलीस का, मेकॅनिकसाहेब?" कोचावरची ताई म्हणाली. "का आताही एक स्क्रू उरलाय? लहानपणी बाबांचं घड्याळ खोललंस तेव्हा उरला होता, तसा."

धाकट्या भावानं एरवी उलट उत्तर दिलं असतं. आज त्यानं गुपचूप कॅसेट बाहेर काढली आणि पिशवीतली आपली चाचणीची कॅसेट आत सारली. चित्र लख्ख आलं. रंग जागच्या जागी, रेघ म्हणून नाही.

"हे बघ, दिसतंय की," ताई म्हणाली. "आता माझी लाव."

तिची लावली. मुंग्या.

"ताई, ही कशावर भरलेली गं?"

"कशावर म्हणजे? याच व्हीसीआरवर. ह्यांनी कुणाचा तरी कॅमेरा मागून आणला होता. त्याला वायर जोडून यावर उतरवून घेतली आणि ज्याचा त्याला परत दिला. का रे?"

धाकटा मशीनसमोर फरशीवर बसला.

ताईचा मुलगा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. हलताबोलता असा तो या एका कॅसेटमध्येच उरला होता.

ताईनं मशीन दुरुस्तीला दिलं ते पट्टा ढिला झाला म्हणून. परक्याचं असतं तर पट्टा बदलून, टेप वाचणारं हेड पुसून धाकटा मोकळा झाला असता. ताईचं म्हणून त्यानं जीव ओतला. आत बघतो तर गाईड, म्हणजे टेप जिच्यावरून वळते ती बारीक खुंटी, केसभर वर बसलेली. कारखान्यातूनच तशी आली असावी. त्यानं ती बरोबर उंचीला आणून बसवली. एरवी असला स्क्रू फिरवायच्या आधी तो रंगाचा ठिपका देऊन मूळ जागा धरून ठेवायचा. इथे दिला नाही. चुकीच्या जागेची खूण कोण करतं?

पण ही कॅसेट त्या चुकीच्या खुंटीवरूनच भरली गेली होती. मशीनमधला दोष आणि टेपमधला दोष इतकी वर्षं एकमेकांना सांभाळून होते. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही मशीनवर ही कॅसेट मुंग्याच दाखवणार होती. आता हे मशीनही त्या दुसऱ्यांसारखंच झालं होतं. आवाजाची पट्टी टेपच्या काठाला वेगळी असते, म्हणून तेवढा आवाज वाचला होता.

"मी जरा जास्तच नीट केलं गं," तो म्हणाला.

"म्हणजे काय?"

"एक खुंटी होती आत. मी सरळ केली. ती चुकीचीच हवी होती."

ताई कोचावर पुढे सरकली.

"मग कर चुकीची."

"मग यावर दुसरी कुठलीच कॅसेट नीट दिसणार नाही."

"दुसरी कुठली बघायचीय मला?"

त्यानं मशीनचं झाकण उघडलं. कॅसेट चालू ठेवून तो स्क्रू फिरवायला लागला. केसभर, पण केसभर म्हणजे किती? थोडा फिरवायचा, टीव्हीकडे बघायचं, टेप मागे घ्यायची. शपथ? शपथ. पुन्हा मागे. शपथ? शपथ. ताईचे ओठ टीव्हीबरोबर हलत होते.

तळाशी मुंग्या फाकल्या. आधी शर्टाची बटणं आली. मग ताईची दोरा धरलेली बोटं, तरुण. मग चित्र तिथेच फाटायला लागलं. धाकट्यानं टेप थांबवली आणि कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसलं. बोळा तपकिरी झाला.

"ते काय?" ताईनं विचारलं.

"टेपवरची भुकटी. जुनी झालीये ना. दर फेरीला थोडी थोडी सुटतेय."

"आणि चित्र कशात असतं?"

त्यानं बोळा मुठीत घेतला.

"याच्यातच," तो म्हणाला.

ताई कोचावरून उठली आणि त्याच्याशेजारी खाली येऊन बसली. त्यानं टेप परत लावली. अगदी हलक्या हातानं, श्वास धरून स्क्रू फिरवला. हनुवटी आली. ओठ आले. शपथ मोडून टीव्हीतल्या ताईनं दाताला बांधलेला दोरा ओढला.

"फसवलंस! मी हो म्हटलंच नव्हतं!" पोरगं किंचाळलं आणि मग ओरडता ओरडताच हसायला लागलं. दाताच्या जागी खिडकी, तिच्यातून जीभ बाहेर. नाकाच्या वर मात्र मुंग्यांचा जाड पट्टा, तसाच्या तसा.

"आणखी थोडं," धाकटा म्हणाला. त्यानं टेप मागे घेतली. "डोळे येत नाहीयेत. एवढे डोळे आले ना, की..."

ताईनं त्याचं मनगट धरलं.

"राहू दे."

"अगं, पण डोळे..."

"कळलं मला."

"एकदाच. एकच फेरी."

"राहू दे म्हटलं ना. डोळे तुझ्यावर गेले होते त्याचे," ताई म्हणाली. "इकडे बघ जरा."

धाकटा मशीनमध्येच वाकून राहिला. वर बघेना.