घरचं शांतिगीत

धर्मच नसलेल्या जगात माणसं कशी गुण्यागोविंदाने नांदतील, हे सांगणारं शांतिगीत तिचा नवरा गेली तीस वर्षं गिटारवर जीव ओतून गात आला होता. लेकीला अंगाई म्हणूनही त्याने तेच गायलं.

आज लेकीने, ज्याच्याशी लग्न करायचं ठरवलंय, त्या मुलाला जेवायला आणलं. पानावर बसल्यावर मुलाने क्षणभर डोळे मिटून हात जोडले आणि नवऱ्याचा घास हातातच राहिला.

मुलगा गेल्यावर तो म्हणाला, "पोरगा गुणी आहे गं, पण आपल्या घरात हे असलं चालत नाही. चार मित्रांत मी काय तोंड दाखवू?"

ती ताटं उचलता उचलता थांबली.

"माझे बाबाही अगदी हेच म्हणाले होते. फक्त तेव्हा दाराबाहेर गिटार घेऊन तू उभा होतास."