समक्ष

कॉलेजच्या लिफ्टच्या दाराला सुतळी बांधली होती आणि सुतळीला एक पुठ्ठा लटकत होता: ‘बंद आहे’. पुठ्ठाही आता जुना झाला होता.

“किती दिवस झाले?” लेकीला घेऊन आलेल्या बापाने विचारलं.

“सुट्टीच्या आधीपासून,” शिपाई म्हणाला. “तिसऱ्या मजल्यावर दार पुरतं लागत नाही. मग अडून बसते.”

बापाचं डोकंच फिरलं. वीस वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करत आला होता. दार लागलं की जुळणारी पट्टी, तो कॉन्टॅक्ट वाकला असणार, दुसरं काही नाही. पक्कड आणि पाच मिनिटं. दार उघडायची तिकोनी चावी तर आत्ताही त्याच्या खिशात होती.

“मी करून देतो. फुकट.”

“हात लावायचा नाही. लेखी ऑर्डर लागते. वरून.”

“वरून म्हणजे कुठून?”

“चौथ्या मजल्यावरून.”

चौथ्या मजल्यावरच तर जायचं होतं. मागे बाकावर त्याची लेक बसली होती, मांडीवर फाईल. पुढच्या महिन्यात तिच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन होतं. वर्षभर शिक्षणात खंड हवा, असा तिचा अर्ज होता आणि आज शेवटची तारीख होती. तो मंजूर झाला नाही, तर परीक्षेला गैरहजर म्हणून नाव कटणार आणि दोन वर्षांचं शिक्षण पाण्यात जाणार. गेल्या आठवड्यात बाप एकटाच चार जिने चढून अर्ज द्यायला आला होता. ‘विद्यार्थिनी समक्ष हवी,’ म्हणून तिथल्या साहेबांनी अर्ज परत पाठवला होता. डॉक्टरांच्या सर्टिफिकेटमध्ये ‘जिने चढू नयेत’ या ओळीखाली लाल रेघ होती. बापाने ती शिपायाला दाखवली, हात जोडले आणि साहेबांना दोन मिनिटं खाली बोलवायला सांगितलं. शिपाई वर गेला आणि हलत डुलत परत आला.

“साहेब म्हणाले, असे सगळ्यांसाठी खाली यायला लागलो तर झालंच.”

“चला बाबा,” मुलगी उठली. “इथे डोकं आपटून फुटणार ते आपलंच.”

पहिला जिना ती हसत चढली. दुसऱ्याला हसू गेलं. तिसऱ्याच्या मध्यावर ती पायरीवरच बसली. ओठ निळसर झाले होते. पोरं-पोरी बाजूने धडधड वरखाली करत होती, एकीने ‘सॉरी हं’ म्हणत तिच्या पायांवरून उडी मारली.

“पाठीवर घेतो, माऊ.”

“नको ना. अख्खं कॉलेज बघतंय.”

कोणी बघत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर मात्र लिफ्टचं दार बोटभर उघडं होतं आणि आतला वाकडा कॉन्टॅक्ट बापाला जाता जाता नुसत्या डोळ्यांनी दिसला. त्याने दात-ओठ खाल्ले. खिशातल्या चावीवर त्याची मूठ आवळली गेली आणि तशीच राहिली. आज इथे कुणाशी वाकडं घेऊन चालणार नव्हतं.

चौथ्या मजल्यावर पोचायला पाऊण तास लागला. साहेबांच्या टेबलावर चहा होता. त्यांनी अर्ज वाचला, सर्टिफिकेट वाचलं, मग चष्म्यावरून मुलीकडे पाहिलं. ती खुर्चीची पाठ धरून उभी होती.

“लिफ्ट तर बंद आहे. मग आलात कशा?”

“जिन्याने,” ती म्हणाली.

“चारही मजले?”

“हो.”

“बघा!” साहेब खुर्चीत मागे रेलले. “अहो, खोटी सर्टिफिकेटं आणणारे शंभर येतात, म्हणून तर समक्ष बोलावतो मी. इतकं धडधाकट लेकरू, कशाला वर्ष वाया घालवता?” आणि बाप तोंड उघडेपर्यंत त्यांनी समासात शेरा मारला: ‘विद्यार्थिनी समक्ष हजर. स्वतः चार जिने चढून आली. खंडाची गरज दिसत नाही.’ खाली सही, तारीख, शिक्का.

“साहेब, मरता मरता आलीय ती!” बाप ओरडलाच.

“आवाज खाली. समितीपुढे जाईल अर्ज, बघतील ते.” साहेबांनी चहाचा घोट घेतला. समोरच्या माणसाच्या शर्टावर लिफ्ट कंपनीचं नाव आत्ता कुठे त्यांच्या नजरेत भरलं. “अरे, तुम्ही लिफ्टवाले? आधी नाही का सांगायचं! आमची तेवढी बघून जा हो. शिपायाला म्हणावं मी सांगितलंय. रोज चार जिने म्हणजे जीव जातो आमचा.”

मग बापाने अर्ज फिरवून साहेबांसमोर सरकवला आणि त्यावर ती तिकोनी चावी ठेवली.

“बघतो की. फक्त आत्ता बोललात ते शेऱ्याखाली लिहा. चार जिने म्हणजे जीव जातो. आणि सही करा.”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. अर्जाकडे पाहिलं, चावीकडे पाहिलं. टोपण परत लावलं.

“गंमत करता राव,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला.

बापाने चावी खिशात टाकली. बाहेर आल्यावर मुलगी जिन्याच्या तोंडाशी कठडा धरून थांबली. तो तरातरा पहिल्या दोन पायऱ्या उतरला, तशी तिने मागून त्याची बाही ओढली.

“हळू बाबा,” ती धापा टाकत म्हणाली. “भराभर उतरले तर तेही लिहून घेतील.”