चोच लागलेलं अंजीर

"एक नाही! मेल्यांनी एकालाही चोच लावली नाही!"

दहबियाने परसातल्या झाडाची शेवटची फांदी वाकवून पाहिली आणि रागाने सोडून दिली. अंजिरं पिकून मऊ झाली होती, बुडाशी मधाचा थेंब आला होता, आणि सगळी कशी धडधाकट. दोष द्यायचा तर तिला स्वतःलाच द्यावा लागला असता, आणि ती सवय तिला नव्हती.

जुर्जुरा डोंगरातल्या त्या गावात तिच्यासारखी राखण कुणाची नव्हती. झाडावर जाळी, फांद्यांना खडे भरलेले डबे, आणि डब्यांची दोरी थेट घरात, मागावर बसलेल्या दहबियाच्या पायाच्या अंगठ्याला. बुलबुल आला की अंगठा हलायचा. हळद्या आला की दोन्ही पाय हलायचे आणि तोंडही सुटायचं. चाळीस उन्हाळे तिने पाखरांना सळो की पळो करून सोडलं होतं. यंदा पहिल्यांदाच तिला एक पाखरू हवं होतं, आणि एकही फिरकत नव्हतं.

आत तिचा नवरा बलाईद अंथरुणाला खिळला होता. चाळीस वर्षांहून जास्त काळ गावच्या सभेचा प्रमुख असलेला माणूस. शहरातल्या डॉक्टरने मान हलवून घरी पाठवलं होतं. तीन दिवस पोटात अन्न नव्हतं, कुसकुसचा पातळ रस्साही ओठातून परत येत होता. काल त्याने डोळे उघडून एवढंच विचारलं, "अंजिरं पिकली का गं?"

भिंतीच्या उबेला असलेलं तिचं झाड गावात सगळ्यांत आधी पिकायचं. पण सभेने ठरवलेल्या तोडीच्या दिवसाला अजून नऊ दिवस होते. त्याआधी स्वतःच्या परसातलं अंजीरही कुणी तोडायचं नाही, तोडलं तर भर सभेत उभं राहून दंड. सूट एकच. पाखराने चोच मारलेलं फळ तसंही नासतं, ते खाल्लं तर चालतं. बलाईद नऊ दिवस काढणार नाही हे तिला कळत होतं, आणि त्यालाही.

सकाळी तिने एक टपोरं अंजीर त्याच्या ओठांना लावलं होतं. त्याने तोंड फिरवलं.

"पाखरानं टोचलंय?"

"नाही."

"मग ने परत."

तेव्हापासून ती पेटली होती. तिने जाळी टराटरा फाडली, डबे कुंपणापलीकडे भिरकावले आणि दाराआड दबा धरून बसली. उन्हं डोक्यावर आली. एक बुलबुल भिंतीवर उतरला, मान वाकडी करून झाडाकडे बघत राहिला आणि भुर्रकन ओढ्याकडे उडून गेला. एरवी चोरून खाताना लाज नाही, आणि आज हात जोडून वाढतेय तर केवढा हा माज! दहबियाने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि तरातरा आत गेली.

"अहो, तो तुमचा नियम घ्या उशाशी आणि झोपा! पाखराला मुभा आणि माणसाला नाही, हा कुठला न्याय? थोरली पोटात होती तेव्हा मला अंजिराचे डोहाळे लागले होते. रडून सांगितलं होतं तुम्हाला. काय म्हणालात? प्रमुखाच्या घरातच नियम मोडला तर गावाला कुठल्या तोंडानं सांगू? त्या वर्षी सगळ्या गावाबरोबर खाल्लं मी पहिलं अंजीर. आजतागायत तो राग गिळून बसलेय."

बलाईदने डोळे मिटून घेतले. त्यामुळे ती जास्तच भडकली. मरायला टेकलेल्या माणसाशी धड भांडताही येत नाही, हा सगळ्यांत मोठा अन्याय होता.

ती परसात गेली. सगळ्यांत पिकलेलं अंजीर तिने तोडलं. खांद्यावरची चांदीची पिन उपसली, फळात खुपसली आणि जरा हिसडली. गर बाहेर आला. आजच्या दिवसापर्यंत तिने नियमाविरुद्ध एक पानही तोडलं नव्हतं.

"घ्या," ती त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली. "बुलबुलानं टोचलंय. माझ्यादेखत."

बलाईदने अंजीर हातात घेतलं. अंगठा त्या भोकावरून सावकाश फिरवला. एकदा, दोनदा. दहबियाने ठरवून टाकलं होतं, 'ने परत' म्हणाला तर नाक दाबून तोंडात कोंबायचं.

त्याने अंजीर तोंडात घातलं. कितीतरी वेळ चघळत राहिला. रस दाढीत ओघळला, तो पुसायचंही तिला सुचलं नाही.

"शेजारच्या फत्ताचं पाखरू सुईनं टोचतं," तो हळूच म्हणाला. "सुताराच्या बायकोचं खिळ्यानं. घरात कुणी आजारी असलं, कुणी पोटुशी असली, की येतात ती पाखरं. इतकी वर्षं मी ती भोकं बघतोय, आणि चोचच आहे म्हणून सभेला सांगतोय."

दहबियाचा हात आपसूक खांद्यावरच्या पिनेकडे गेला.

"थोरलीच्या वेळी मी रोज पहाटे परसात जाऊन बघायचो," बलाईद म्हणाला. "तुझं पाखरू काही आलं नाही."